१२३४५६७८९० हा आकडा आतून उघडून बघायचा कसा: वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन

कीबोर्डच्या वरच्या ओळीवर डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं की हा आकडा येतो, १२३४५६७८९०, आणि आपण सगळ्यांनीच तो शेकडो वेळा टाइप केलाय, कधी एखादा फॉर्म चालतोय का बघायला, कधी कुठे खरा फोन नंबर द्यायचा नसतो म्हणून. पण त्याच्या पोटात काय दडलंय हे बघायला कोणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, सातवीत आहे, तिने विचारलं, मामा, शेवटचा शून्य काढला तर ही मूळ संख्या असेल का? मी म्हटलं अंकांची बेरीज कर. तिने केली, पंचेचाळीस आली, म्हणजे नऊने भाग जातो, विषय संपला. पण तिचा नव्हता संपला. तिने नऊने भागून दाखवलं आणि म्हणाली, बरं मग हे जे आलं, १३७१७४२१, हे तरी मूळ आहे का? ह्या एका प्रश्नावर आमची अख्खी दुपार गेली, सातने भाग, अकराने भाग, तेराने, सतराने, दोन पानं भरली आणि काहीच लागेना. आणि उत्तर आलं तेव्हा दोन ओळीत आलं. ते कसं आलं ते खाली चौथ्या स्टेपमध्ये आहे, पण प्लीज उडी मारून तिथे जाऊ नका, कारण आधीच्या तीन स्टेप नीट केल्या नाहीत तर चौथी चालतच नाही, आणि का चालत नाही ते कळणं हेच ह्यातलं खरं गणित आहे.

सामान फार लागत नाही. वही, पेन, आणि किराणा दुकानात असतो तसा बारा आकडी कॅल्क्युलेटर. आठ आकडीवाला नको, आपला आकडाच दहा अंकी आहे, त्यात मावणार नाही. मोबाइलमधला चालेल.

स्टेप १: आधी वाचा, मग मोजा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्या: १,२३,४५,६७,८९०. आता मोठ्याने वाचा. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. कोटीच्या घरात २३, लाखाच्या घरात ४५, हजाराच्या घरात ६७, किती सुंदर बसलंय बघा! तीन-तीनचे गट पाडणाऱ्या पद्धतीत ही जोड्यांची गंमत दिसतच नाही. आकड्याशी ओळख इथून सुरू होते, आणि चूकही इथेच पकडली जाते, कारण मध्येच एखादा अंक गळला की वाचताना लगेच खटकतं.

मग आकार बघा. २ चा ३० वा घात म्हणजे १,०७,३७,४१,८२४ आणि ३१ वा घात २,१४,७४,८३,६४८, आपला आकडा ह्या दोघांच्या मध्ये येतो, म्हणजे बायनरीत, नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहायला बरोबर ३१ बिट, म्हणजे ३१ अंक, लागणार. लिहून बघितलं तर असं येतं: १०० १००१ १००१ ०११० ०००० ००१० ११०१ ००१०. ह्यात एक हा अंक बारा वेळा आहे, मोजून घ्या.

ह्या आकाराचा एक खरा उपयोग सांगतो. बरेच कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशी. हा मोजणीचा काटा बरोबर १२३४५६७८९० वर आला तेव्हा ग्रीनिचला १३ फेब्रुवारी २००९ ची रात्र होती, ११ वाजून ३१ मिनिटं ३० सेकंद, आणि आपल्याकडे १४ फेब्रुवारीची पहाट, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद.

स्टेप २: नुसत्या नजरेने काय काय कळतं

वर्गसंख्या आहे का? नाही, आणि हे कॅल्क्युलेटर न उघडता सांगता येतं. वर्गसंख्येच्या शेवटी शून्य असलेच तर जोडीने असतात, १०० मध्ये दोन, १०००० मध्ये चार, आपल्याकडे एकटा शून्य आहे म्हणजे वर्ग नाही. खात्री करायची असेल तर ३५,१३६ चा वर्ग १,२३,४५,३८,४९६ आणि ३५,१३७ चा १,२३,४६,०८,७६९, आपला मध्येच राहिला.

त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १+२+३+४ अशी बेरीज करत गेलं तर कधी हा आकडा लागेल का? ह्याची कसोटी सोपी आहे, आठने गुणायचं, एक मिळवायचा, आणि येईल ती वर्गसंख्या आहे का बघायचं. आठने गुणल्यावर काय येतं बघा, ९,८७,६५,४३,१२०, अंक आपोआप उलटे उतरायला लागले! एक मिळवून ९,८७,६५,४३,१२१. आता ९९,३८० चा वर्ग ९,८७,६३,८४,४०० आणि ९९,३८१ चा ९,८७,६५,८३,१६१, दोन्हीच्या मध्ये अडकला, म्हणजे त्रिकोणीही नाही.

स्टेप ३: छोटे अवयव आधी बाहेर काढा

शेवटी शून्य म्हणजे २ आणि ५ दोन्ही आहेत. अंकांची बेरीज ४५ म्हणजे ९ आहे. हे तिन्ही आपण शाळेत शिकलोय, पण एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे एकदा भागून झाल्यावर परत तीच कसोटी लावायची. १२,३४,५६,७८९ ला नऊने भागलं की १,३७,१७,४२१ येतात, ह्याच्या अंकांची बेरीज २६, तीनने भाग जात नाही, म्हणजे तीन बरोबर दोनदाच होता. हे लिहून ठेवा, पुढे विभाजक मोजताना लागणार आहे.

भागताना एक गोष्ट दिसते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ आकड्याचा निम्मा केला की ६१,७२,८३,९४५ येतो, अंक बघा, १ ते ९ सगळे एकेकदा. पाचने भागलं की २४,६९,१३,५७८, परत १ ते ९ सगळे एकेकदा! भाचीने हे बघितल्यावर पेन खाली ठेवलं होतं.

आता १,३७,१७,४२१ वर ७, ११ आणि १३ ची कसोटी एकदमच घेऊ. ७×११×१३ = १००१, म्हणून आकड्याचे शेवटून तीन-तीनचे गट करायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं. गट झाले १३, ७१७, ४२१. म्हणजे ४२१ − ७१७ + १३ = −२८३. चिन्ह सोडून द्या, २८३ ला सातने भागलं तर ३ उरतात, अकराने ८, तेराने १०. तिघांनीही भाग जात नाही. तीन भागाकार एका ओळीत झाले.

स्टेप ४: इथे थांबा, भागत सुटू नका

इथे आमची दुपार गेली होती. नेहमीचा रस्ता असा, की १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मध्ये आहे, म्हणून ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. रस्ता बरोबर आहे, उत्तर शंभर टक्के मिळणार, पण ते मिळतं कुठे तर ३६०७ ह्या मूळ संख्येवर, आणि ती आहे ५०४ वी मूळ संख्या. म्हणजे पाचशे भागाकार हाताने. कोणीही कंटाळेल.

त्याऐवजी आकड्याला दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवता येतं का ते बघायचं. कल्पना साधी आहे, दोन विषम संख्यांचा गुणाकार असेल तर त्या दोघींची सरासरी घ्या आणि त्यांच्यातल्या फरकाचा निम्मा घ्या, गुणाकार म्हणजे सरासरीचा वर्ग वजा निम्म्या फरकाचा वर्ग. आठवीत जे सूत्र येतं, अ वर्ग वजा ब वर्ग, तेच, फक्त उलटं वापरायचं.

आधी छोट्यावर हात बसवा. ८६३३ घ्या. वर्गमूळ ९२ च्या पुढे आहे म्हणून ९३ घ्या, ९३ चा वर्ग ८६४९, त्यातून ८६३३ गेले, राहिले १६, हा तर ४ चा वर्ग! म्हणजे ८६३३ = (९३−४)×(९३+४) = ८९×९७. झालं.

आता आपला आकडा. वर्गमूळाच्या लगेच पुढचा पूर्णांक ३७०४. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून १,३७,१७,४२१ वजा करा, राहिले २१९५. हा वर्ग आहे का? वर्गसंख्या ५ ने संपत असेल तर नेहमी २५ ने संपते, इथे शेवटी ९५ आहे, म्हणजे नाही, वर्गमूळ काढायचीही गरज नाही.

पुढचा ३७०५. त्याचा वर्ग नव्याने काढू नका, ३७०४ ची दुप्पट अधिक एक, म्हणजे ७४०९, एवढंच आधीच्या उरलेल्यात मिळवा. २१९५ + ७४०९ = ९६०४.

आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग.

दुसऱ्याच प्रयत्नात! १,३७,१७,४२१ = ३७०५ चा वर्ग वजा ९८ चा वर्ग = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३. पाचशे भागाकारांचं काम दोन ओळीत झालं, कारण ह्या दोन अवयवांमध्ये फक्त १९६ चा फरक आहे, दोघे वर्गमूळाच्या अगदी अंगाला चिकटून बसलेत. मूळ संख्यांनी भागत जाताना आपण लहानापासून वर चढतो म्हणून ते सगळ्यात शेवटी सापडतात, ही पद्धत मात्र वर्गमूळापासूनच सुरू होते.

ही युक्ती युरोपात फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखतात, त्याने १६४३ च्या सुमारास २,०२,७६,५१,२८१ चे अवयव ४४,०२१ आणि ४६,०६१ असे ह्याच पद्धतीने काढून दाखवले होते. पण नारायण पंडितांच्या गणितकौमुदीत, म्हणजे १३५६ सालात, वर्गमूळाच्या पुढच्या संख्येपासून सुरुवात करून विषम संख्या मिळवत जायची अशी जवळजवळ हीच रीत दिलेली आहे, जवळपास तीनशे वर्षं आधी. आपल्या शाळेच्या पुस्तकात ही का नाही असं मला फार वाटतं, आठवीच्या मुलाला सहज समजेल अशी आहे.

आता सांगितलं होतं ना की आधीच्या स्टेप गाळू नका, त्याचं कारण. हीच पद्धत पूर्ण १,२३,४५,६७,८९० वर लावली तर आयुष्यभर उत्तर येणार नाही. कुठल्याही वर्गसंख्येला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च येते. मग दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी ०, १ किंवा ३ येऊ शकते, २ कधीच नाही. आणि आपल्या आकड्याचे शेवटचे दोन अंक ९०, चारने भागून बाकी २! म्हणजे तो दोन वर्गांची वजाबाकी होऊच शकत नाही. म्हणून २ आधी बाहेर काढायचाच, मगच ह्या पद्धतीला हात लावायचा.

स्टेप ५: ३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का

अवयव मिळाले म्हणून खूश होऊन इथेच सोडू नका, त्यांचेही तुकडे होत असतील तर? ६० चा वर्ग ३६००, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, आणि ३८०३ साठी ६१ पर्यंत. २, ३, ५ तर बघताक्षणी उडाले.

७, ११, १३ साठी परत १००१ वाली युक्ती, ६०७ − ३ = ६०४, बाकी अनुक्रमे २, १०, ६. पुढे १७ ने ३ उरतात, १९ ने १६, २३ ने १९, २९ आणि ३१ दोघांनी ११, ३७ ने १८, ४१ ने ४०, ४३ ने ३८, ४७ ने ३५, ५३ ने ३, आणि ५९ ने ८. एकदाही शून्य नाही, ३६०७ मूळ संख्या आहे. ३८०३ चं तुम्ही स्वतः करा, १९ ने भागताना ३ आणि २९ ने भागताना ४ उरतात तिथे वाटेल की आता लागला, पण नाही लागत, शेवटच्या ६१ ने २१ उरतात. तीही मूळ.

म्हणजे पूर्ण फोड झाली: १,२३,४५,६७,८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३.

उलटा गुणाकार करून बघायचाच, ही सवय सोडू नका. ९० × ३६०७ = ३,२४,६३०. त्याला ३८०३ ने गुणा. बरोबर १,२३,४५,६७,८९० आला की समजायचं वही बंद करायला हरकत नाही, पण आपण आत्ता कुठे सुरुवात केलीय.

स्टेप ६: फोडीतून बाकीचं सगळं काढा

मूळ अवयवांची फोड हातात आली की बाकीचे गुणधर्म नुसत्या गुणाकाराने मिळतात.

विभाजक किती? कुठलाही विभाजक बनवताना २ घ्यायचा की नाही हे दोन पर्याय, ३ एकही नाही, एक किंवा दोन असे तीन पर्याय, आणि ५, ३६०७, ३८०३ ह्यांचे प्रत्येकी दोन. २×३×२×२×२ = ४८. एवढा मोठा आकडा आणि विभाजक फक्त अठ्ठेचाळीस, ३६० सारख्या छोट्या संख्येलाही २४ असतात, त्यामानाने हे कमीच, कारण दोन अवयव एकदम दांडगे आहेत.

विभाजकांची बेरीज? एकेक लिहून मिळवायची गरज नाही. (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+३६०७) × (१+३८०३), म्हणजे ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३,२१,१६,१०,६८८. ह्यातून स्वतः आकडा काढला की राहिले १,९७,७०,४२,७९८, जे मूळ आकड्यापेक्षा जास्त आहेत. अशा संख्यांना अबंडंट म्हणतात. हे खरं तर हिशोब न करताही कळलं असतं, ६ ही परफेक्ट संख्या आहे, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच, १+२+३ = ६, आणि ६ च्या पुढच्या सगळ्या पटी अबंडंट असतातच, आपला आकडा सहाची पट आहे.

सहमूळ किती? म्हणजे १ पासून ह्या आकड्यापर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा ह्याच्याशी १ सोडून एकही सामाईक अवयव नाही. ऑयलर ह्या स्विस गणितज्ञाचं सूत्र वापरायचं: प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा करून गुणायचं, आणि ३ दोनदा आहे म्हणून एक जादाचा ३ तसाच ठेवायचा. १ × (३×२) × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२,९०,४०,२८८. साधारण चारात एक.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? नाही. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून ३ उरतात ती फोडीत विषम वेळा आली की असं लिहिता येत नाही, आणि इथे ३६०७ आणि ३८०३ दोन्ही तशाच आहेत, एकेकदाच आल्यात. तीन वर्गांची बेरीज मात्र होते.

स्टेप ७: कापरेकरांच्या चष्म्यातून

हा भाग मला सगळ्यात जवळचा. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्म, आयुष्यभर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर, आणि आकड्यांशी अशी दोस्ती की ६१७४ चा शोध १९४९ साली त्यांनी लावला तो आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. त्यांच्या तीन कसोट्या आपल्या आकड्यावर लावू.

पहिली, हर्षद संख्या. हे नाव त्यांनीच दिलं, हर्ष देणारी ती हर्षद. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला पाहिजे. आपली बेरीज ४५, आणि ४५ × २,७४,३४,८४२ = १,२३,४५,६७,८९०. गेला. हर्षद आहे.

दुसरी, देवळाली संख्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, एक नवी संख्या जन्माला येते, १५ मध्ये १+५ मिळवले की २१. काही संख्या मात्र अशा कुठूनच जन्मत नाहीत, जशी २०, त्या देवळाली संख्या. आपला आकडा तसा आहे का? म्हणजे त्याचा जनक शोधायचा, आणि इथे परत आधी विचार, मग हिशोब. जनक आपल्यापेक्षा थोडासाच लहान असणार, त्याचे पहिले सात अंक १२३४५६७ च राहणार, त्यांची बेरीज २८, उरलेल्या तीन अंकांची जास्तीत जास्त २७, म्हणजे बेरीज ५५ च्या वर जाऊ शकत नाही. शिवाय नऊची पट असायला हवी (बाकी काढून बघा, पटेल). मग उमेदवार उरले ९, १८, २७, ३६, ४५ आणि ५४. एकेक वजा करून बघा, ४५ वजा केले की १,२३,४५,६७,८४५ येतो, त्याच्या अंकांची बेरीज २८+८+४+५ = ४५. जुळलं! बाकी पाचांपैकी कोणाचंच जुळत नाही. म्हणजे आपला आकडा देवळाली संख्या नाही, त्याला जनक आहे आणि एकच आहे. आणि मिळवायची बेरीज कुठली तर तीच ४५, जी त्याची स्वतःचीही आहे.

तिसरी कसोटी म्हणजे ६१७४ वाली क्रिया. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, जे येईल त्यावर परत तेच. चार अंकी संख्येत (चारही अंक सारखे नसले तर) सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतो. आपल्या दहा अंकी आकड्यावर करू: ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. आता ह्या उत्तराचे अंक बघा, ९, ७, ५, ३, ०, ८, ६, ४, २, १. शून्य ते नऊ, सगळे, एकेकदा! म्हणजे परत उतरता आणि चढता क्रम लावला तर तेच दोन आकडे आणि तीच वजाबाकी. एका पायरीत स्थिर. आणि हे फक्त आपल्या आकड्याचं नाही, शून्य ते नऊ हे दहा अंक एकेकदा वापरून तुम्ही कसाही दहा अंकी आकडा बनवा, एका पायरीत ९७५३०८६४२१ वर येऊन थांबणार. घरात लहान मूल असेल तर आजच करून दाखवा.

स्टेप ८: उलट्या भावंडाशी गाठ

९८७६५४३२१० आणि १२३४५६७८९० चा मसावि काढा. भागाकाराच्या पद्धतीने, मोठ्याला लहानाने भागायचं. आठचा भाग लागतो आणि उरतात फक्त ९०. पुढे १२३४५६७८९० ला ९० ने पूर्ण भाग जातो, संपलं, मसावि ९०. दोन पायऱ्या. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला तर ८.०००००००७२९ असं काहीतरी दिसतं आणि स्क्रीन छोटी असेल तर नुसतं ८ दिसतं, त्याला फसू नका, मोठ्या आकड्यांत कॅल्क्युलेटरचं दशांश उत्तर ही खूण आहे, पुरावा नाही. एक्सेलमध्येही १५ अंकांच्या पुढे सगळं शून्य करून टाकतं हे लक्षात ठेवा.

स्टेप ९: वर्गांची युक्ती कुठे फसते

चौथ्या स्टेपने डोळे दिपले असतील तर हे वाचाच. ४,२९,४९,६७,२९७ हा आकडा घ्या, २ चा ३२ वा घात अधिक एक. फर्माला ही मूळ संख्या वाटली होती. हिचे अवयव ६४१ आणि ६७,००,४१७, एक खाली तळाला, एक पार वर. वर्गांची युक्ती ह्यावर लावली तर उत्तर यायला बत्तीस लाखांच्या वर प्रयत्न लागतील. आणि साध्या भागाकाराने? ऑयलरने १७३२ साली आधी आकड्याच्या घडणीचा अभ्यास केला, ह्याचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येतो तसाच असला पाहिजे हे त्यातून कळतं, मग बघायला राहतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला लागला.

म्हणून माझी स्वतःची रीत आता अशी आहे, छोटे अवयव काढा, मग दहा-बारा वेळा वर्गांची युक्ती मारून बघा, नाही लागलं तर आकडा कसा बनलाय ते बघा, आणि मगच भागाकाराला बसा. शेवटी पडताळायला लिनक्सच्या टर्मिनलमध्ये फॅक्टर ही कमांड आणि पुढे आकडा, की क्षणात फोड येते, पण हाताने करून झाल्यावर.

करून बघायला एक

१२३४५६७८९०१२३४५६७८९०. वीस अंकी. घाबरू नका, आपलाच आकडा दोनदा लिहिलाय, म्हणजे १२३४५६७८९० × १०००००००००१. पहिल्याची फोड तयार आहे. दुसरा म्हणजे १०० चा पाचवा घात अधिक एक, विषम घात आहे म्हणून त्याला १०१ ने भाग जाणारच, उरतात ९,९०,०९,९०१. आता ह्याचे मूळ अवयव २० च्या पटीत एक मिळवून येणारेच असू शकतात, म्हणजे ४१, ६१, १०१ अशा रांगेतल्या मूळ संख्याच तपासायच्या. भाचीने दोन दिवस घेतले, रोज थोडं थोडं करत, आणि २० × १७७ + १ म्हणजे ३५४१ वर तिला लागला, दुसरा २७,९६१. ह्या तीन नव्या मूळ संख्या धरून विभाजक किती होतात तेही तिनेच मोजलं, ४८ × ८ = ३८४.